चाइल्ड प्रोसेसला पाइपमधून इनपुट देताय? टेस्ट जरा मोठी लिहा

पायथनमधून दुसरा प्रोग्राम (म्हणजेच चाइल्ड प्रोसेस) चालवायचा, त्याला स्टँडर्ड इनपुटवर डेटा द्यायचा आणि आउटपुट परत घ्यायचं, या कामाची टेस्ट बरेच जण एक शब्द पाठवून करतात. "हॅलो" गेलं, "हॅलो" आलं, टेस्ट हिरवी, विषय संपला. पण पाइपची (दोन प्रोग्राममध्ये डेटा वाहून नेणाऱ्या नळीची) खरी नाटकं डेटा मोठा झाला की सुरू होतात, तोवर सगळं गोडच दिसतं.

आधी साधा भाग. सबप्रोसेस मॉड्यूलमधलं रन वापरा, इनपुटमध्ये स्ट्रिंग द्या, आउटपुट कॅप्चर करा, एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्वतः लिहा (विंडोजवर भलतंच उचललं जाऊ शकतं) आणि टाइमआउट १० सेकंद ठेवा. टाइमआउट हवाच, कारण पाइपमधली गडबड बरेचदा एरर देतच नाही, प्रोग्राम नुसता लटकतो. आउटपुटसोबत रिटर्न कोड (सगळं ठीक असेल तर शून्य) आणि स्टँडर्ड एररही (जिथे चुकांचे संदेश येतात) तपासा. चाइल्ड पायथनचाच असेल तर कमांडमध्ये नुसतं पायथन न लिहिता सिस मॉड्यूलमधलं एक्झिक्युटेबल द्या, म्हणजे ज्या पायथनवर टेस्ट चाललीय तोच चालेल.

आता मुद्द्याचं. समजा तुमच्या कोडमध्ये पीओपन (सबप्रोसेसमधलाच, चाइल्ड स्वतः हाताळायचा मार्ग) आहे आणि कोड आधी सगळं इनपुट लिहितो, मग आउटपुट वाचतो. चाइल्ड म्हणून कॅट घ्या, म्हणजे आलेलं इनपुट जसंच्या तसं बाहेर टाकणारी कमांड. कॅट वाचतो आणि लगेच बाहेर टाकतो, पण बाहेरचं कोणी वाचतच नाहीये, मग त्याचा आउटपुट पाइप भरतो, तो थांबतो, वाचणंही थांबवतो, मग आपला इनपुट पाइप भरतो आणि आपणही अडकतो. दोघं एकमेकांची वाट बघत बसले. लिनक्सवर पाइपचा बफर (डेटा तात्पुरता साठवायची जागा) सहसा ६४ केबी असतो, त्यामुळे ६५ केबी पाठवलं की हे पकडता येईल असं वाटतं, पण तसं होत नाही, कारण वाटेत दोन पाइप आहेत आणि कॅटचा स्वतःचा बफर वेगळा, तेवढा माल आरामात मावतो. म्हणून सरळ एक एमबीच्या वर जा. "नमस्कार" आणि पुढे न्यूलाइन मिळून २२ बाइट होतात, ५०,००० ओळी केल्या की ११ लाख बाइट, काम झालं. इथे सॉर्ट (ओळी क्रमाने लावणारी कमांड) वापरू नका हं, तो सगळं वाचून झाल्याशिवाय काही बाहेर काढत नाही, त्यामुळे हा बग त्याच्यासमोर लपून जातो. उपाय म्हणजे पीओपनचाच कम्युनिकेट, तो लिहिणं आणि वाचणं बरोबरीने सांभाळतो. फक्त पीओपनवर कम्युनिकेटचा टाइमआउट झाला तर चाइल्ड आपोआप मरत नाही, किल करून परत कम्युनिकेट बोलवावं लागतं. रन मात्र ते स्वतः करतो.

देवनागरी मुद्दाम घेतली, कारण यूटीएफ-८ मध्ये तिच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि कोणी आउटपुट ४०९६ बाइटच्या तुकड्यांत वाचून प्रत्येक तुकडा वेगळा डीकोड करत (बाइटची अक्षरं करत) असेल तर वरच्या डेटात पहिलाच तुकडा १८७ व्या ओळीतल्या "म"च्या पहिल्या बाइटवर तुटतो आणि डीकोड एरर येतो. इंग्रजी अक्षरांच्या टेस्टला हे जन्मात सापडणार नाही.

मग इनपुट संपल्याचा सिग्नल. डब्ल्यूसी या मोजणी करणाऱ्या कमांडला ओळी मोजायला लावा. स्वतः राइट करत असाल आणि नंतर एसटीडीइन (स्टँडर्ड इनपुट) क्लोज केलं नाही तर तो बिचारा आणखी डेटा येईल म्हणून थांबतो. रिकामी स्ट्रिंग पाठवून शून्य येतं का बघा, आणि शेवटी न्यूलाइन नसलेल्या दोन ओळीही पाठवा, उत्तर १ येईल, ते बरोबरच आहे, तो न्यूलाइन मोजतो.

उलटी केसही घ्या, चाइल्ड आधीच उठून गेला तर? तोच मोठा डेटा हेडला (फक्त सुरुवातीच्या ओळी देणाऱ्या कमांडला) द्या आणि एकच ओळ मागा. स्वतः राइट करणाऱ्या कोडला ब्रोकन पाइप एरर मिळेल, कम्युनिकेट तो गिळून टाकतो, म्हणून टेस्टमध्ये पहिली ओळ आणि रिटर्न कोड शून्य एवढंच तपासा.

इनपुट द्यायचंच नसेल तर एसटीडीइनला डेव्हनल (कायम रिकामं असलेलं इनपुट) लावा, नाहीतर चाइल्ड आपल्या पालकाचंच इनपुट वापरतो. पायटेस्ट (टेस्ट चालवणारं टूल) नेहमीच्या मोडमध्ये तिथे डेव्हनल जोडून ठेवतं, त्यामुळे टेस्ट पास होते, आणि कोणी टर्मिनलवरून एस फ्लॅग (-s) लावून चालवली की तीच टेस्ट कीबोर्डची वाट बघत बसते.