पायवाटेची डागडुजी: आधी पाणी वळवा
सह्याद्रीतल्या पायवाटांची डागडुजी फाल्गुनात करावी. गवत वाळलेलं असतं, त्यामुळे गेल्या पावसाने पाडलेल्या घळी स्पष्ट दिसतात. पण बहुतेक गट आधी पायऱ्या रचायला धावतात. पायऱ्यांचे फोटो छान येतात, हे खरं! काम मात्र पाण्यापासून सुरू करा. घळ जिथे सुरू होते, त्याच्या जरा वर वाटेत दगडांची आडवी ओळ बसवा. काटकोनात नको, तिरकी, दरीच्या अंगाला उतरती. काटकोनात बसवली की मागे गाळ साचतो आणि पाणी वरून उडी मारून पुन्हा वाटच खणतं. प्रत्येक दगड निम्म्याहून जास्त जमिनीत गाडा. वर उभं राहून बघा, डुगडुगला तर काढून पुन्हा बसवा. पाणी बाहेर पडतं तिथे चार दगड पसरा, नाहीतर उतार खचेल. कारवी उपटू नका, तिची मुळं माती धरतात. आडव्या आलेल्या फांद्या तेवढ्या कोयत्याने छाटा. छाटलेला पाला जाळायचा नाही, वणवा पेटायला ठिणगी पुरते. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर त्याखाली पहार चालवू नका. वनखात्याची परवानगी आधी काढा. संरक्षित गड असेल तर पुरातत्त्व खात्याचीही.