पान छपाईला सोडण्याआधी

नवीन मुख्य संपादकाला सगळ्यांच्या कॉप्या, म्हणजे बातम्यांचा लिहिलेला मजकूर, स्वतःच तपासाव्यात असं वाटतं. हा मोह आवरा. शुद्धलेखन उपसंपादक बघतील, पानं वृत्तसंपादक लावतील. छापून आलेल्या प्रत्येक ओळीला उत्तरदायी मात्र तुम्ही, तेव्हा घात होऊ शकेल अशा दोन-तीन बातम्या हेरा आणि सगळा वेळ त्यांना द्या.

मी संध्याकाळच्या बैठकीत बातमीदाराला विचारतो, "हे तुला कसं कळलं?" 'सूत्रांनी सांगितलं' एवढ्यावर वाचक समाधान मानेल, मी मानत नाही. सूत्राचं नाव छापायचं नसतं, पण संपादकाला ते माहीत हवंच. 'वॉशिंग्टन पोस्ट'ने १९८० साली हेरॉइनच्या विळख्यात सापडलेल्या आठ वर्षांच्या मुलाची कहाणी पहिल्या पानावर छापली. बातमीदाराने गुप्ततेचं वचन दिलंय म्हटल्यावर मुलगा कोण, हे वरिष्ठांनी खोदून विचारलंच नाही. १९८१ मध्ये त्या कहाणीला पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं आणि दोन दिवसांत परत करावं लागलं. असा मुलगाच नव्हता.

दुसरी चौकशी आरोप असलेल्या माणसाबद्दल. त्याला फोन झाला का, किती वाजता, नेमकं काय विचारलं? रात्री अकराला एकदा फोन लावायचा आणि साडेअकराला 'प्रतिक्रिया मिळू शकली नाही' असं छापायचं, ही माझ्या मते शुद्ध लबाडी आहे. बातमी एक दिवस थांबली तर थांबू द्या. दुसऱ्या कुणी आधी छापली तरी चालेल.

मथळा कॉपीपासून वेगळा काढून वाचा. मथळ्यात 'घोटाळा' आणि आत फक्त 'चौकशीचे आदेश', असं सर्रास होतं. मथळा बदला, कॉपी ताणू नका.

जाहिरात विभागाने बातमीबद्दल बोलायचं असेल तर फक्त तुमच्याशी, बातमीदाराशी कधीच नाही. हे पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगून टाका.

चूक झालीच तर दुरुस्तीत काय चुकलं आणि बरोबर काय, दोन्ही लिहा. नुसत्या 'दिलगीर आहोत'ने वाचकाला काहीच कळत नाही. आणि संतापलेल्या माणसाचा फोन आला की तो तुम्ही घ्या. बातमीदाराला पुढे करू नका. त्याला जे सुनवायचं ते नंतर, केबिनचं दार लावून.