वसतिगृह सोडताना चांगल्या वस्तू कचऱ्यात जाऊ नयेत म्हणून

परीक्षा संपताच वसतिगृह रिकामे होऊ लागते आणि कचराकुंडीशेजारी बादल्या, हँगर, टेबल लॅम्प, अर्ध्या कोऱ्या वह्या यांचा ढीग साचतो. यातील अनेक वस्तू धडधाकट असतात. परंतु देणाऱ्याला खोली आजच सोडायची असते आणि ज्याला त्या उपयोगी पडतील तो विद्यार्थी काही आठवड्यांनी येणार असतो. म्हणून अशा वस्तू गोळा करून नव्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवण्याचा उपक्रम आखताना खोकी आणि फलक यांच्याही आधी साठवणुकीसाठी कोरडी, कुलूपबंद खोली मिळवावी आणि ती नव्या सत्राच्या कोणत्या तारखेपर्यंत वापरता येईल, हे अधीक्षकांकडून लेखी घ्यावे.

वेगवेगळ्या वर्गांच्या परीक्षा वेगवेगळ्या दिवशी संपतात. त्यामुळे पहिला विद्यार्थी निघण्यापूर्वीच प्रत्येक मजल्यावर खोके ठेवावे आणि ते रोज रिकामे करावे.

खरी मेहनत वस्तू स्वीकारताना घ्यावी लागते. कपडे धुऊन पूर्ण वाळवलेलेच घ्यावेत, कारण एखादा ओलसर टॉवेल पिशवीत बांधून राहिला तर बुरशी आणि कुबट वास आजूबाजूच्या सगळ्या कपड्यांना लागतो. गाद्या आणि उशा यांच्या शिवणी उलगडून पाहाव्यात. तिथे बारीक काळे ठिपके दिसले तर ते ढेकणांचे लक्षण असू शकते, आणि अशी एक गादी संपूर्ण खोलीला त्रास देण्यास पुरेशी असते. किटली, इस्त्री, एक्स्टेंशन बोर्ड देणाऱ्यासमोरच चालवून पाहावेत. फोन व लॅपटॉपमधील माहिती पुसणे आणि खात्यातून बाहेर पडणे ही कामे मूळ मालकाकडूनच करून घ्यावीत, अन्यथा ते उपकरण पुढच्या माणसासाठी कुलूपबंदच राहते. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून ती खोक्यात न टाकता ई-कचरा संकलनाकडे द्यावी. वापरलेले हेल्मेट आणि उरलेली औषधे तर घेऊच नयेत. हेल्मेटला पूर्वी मार बसला आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही.

पुस्तके, एप्रन, कॅल्क्युलेटर यांची अदलाबदल सत्राच्या सुरुवातीला ठेवणे अधिक सोयीचे, कारण वरच्या वर्गात गेलेल्यांकडे ती पडून असतात आणि खालच्या वर्गाला तेव्हाच हवी असतात. तिथे किमतीचा हिशेब करू नये. आणलेल्या प्रत्येक वस्तूमागे एक चिठ्ठी द्यावी आणि त्या चिठ्ठीच्या बदल्यात कोणतीही एक वस्तू घेऊ द्यावी. ज्याच्याकडे देण्यासारखे काहीच नाही, त्यालाही काही चिठ्ठ्या न विचारता द्याव्यात. माझ्या मते या उपक्रमाची सर्वाधिक गरज त्यालाच असते.

बाहेरच्या संस्थेला देण्यापूर्वी तिला काय आणि किती हवे आहे, हे विचारावे. आपल्याकडे उरलेले सगळे गाठोडे बांधून पाठवले तर निवडण्याचा आणि फेकण्याचा भार तिच्यावर पडतो.

नव्या विद्यार्थ्यांना साठवणुकीच्या या खोलीची माहिती प्रवेशाच्या पत्रासोबतच कळवावी, कारण नवी बादली विकत घेऊन आलेल्या मुलाला तिथली बादली नको असते.