अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या कॅराव्हॅनची झळाळी परत आणताना

कॅराव्हॅनच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या, पत्र्याला पॉलिश करण्याचे काम साताऱ्यात दिवाळीनंतरच काढावे, कारण पावसाळी दमट हवेत चढवलेला लॅकर (पारदर्शक संरक्षक लेप) पत्र्याला नीट धरत नाही.

मशीन हातात घेण्यापूर्वी पत्रा समजून घ्यावा. एअरस्ट्रीम या अमेरिकन कंपनीच्या अनेक जुन्या कॅराव्हॅनचा पत्रा सुमारे ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो; त्यातील मजबूत मिश्रधातूच्या दोन्ही अंगांना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा जेमतेम ०.०४ मिलिमीटरचा थर असतो आणि आरशासारखी चमक येते ती त्या थरालाच. सँडपेपरने ओरखडे घालवायला गेल्यास हा थरही निघून जातो आणि खालचा तांबेयुक्त मिश्रधातू लवकर गंजू लागतो. त्यामुळे खोल ओरखडे तसेच राहू द्यावेत, हे माझे स्पष्ट मत आहे.

एखाद्या कोपऱ्यात मेटल पॉलिश चोळून पाहावे. फडके काळे झाले तर पत्रा उघडा आहे. झाले नाही तर त्यावर जुना लॅकर आहे. तो काढण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमला चालणारा जेलसारखा पेंट रिमूव्हर सावलीत, हातमोजे घालून लावावा आणि सुटलेला थर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावा. कॉस्टिक सोडा मुळीच वापरू नये. सोड्याने घासलेले अ‍ॅल्युमिनियमचे पातेले कसे काळे पडते, हे ज्याने पाहिले आहे त्याला कारण सांगायला नको. तारेचा ब्रशही नको, कारण त्याचे लोखंडी कण पत्र्यात रुततात व तेथून गंज सुरू होतो.

पॉलिशसाठी वेग कमी-जास्त करता येणारे मशीन आणि लोकरीचे पॅड घ्यावे. मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेणाऱ्या चार इंची ग्राइंडरवर पॅड चढवण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु त्याच्या उष्णतेने पातळ पत्रा वाकतो. दीड हजारांच्या आसपास फेरे पुरेसे आहेत. दोन फूट चौरस एवढाच भाग एका वेळी घेऊन, पॉलिश सुकण्यापूर्वी तो पूर्ण करावा. रिव्हेटांभोवती साचणारा काळा चिकटा मैदा भुरभुरून मऊ कापडाने पुसला की सहज निघतो. (मैद्याचा डबा बाहेर का नेला, हे घरी आधीच सांगून ठेवावे.) शेवटी बारीक पॉलिशने, ऑर्बिटल मशीनवर (ज्याचे पॅड फिरता फिरता लंबगोलही हलते), आधीच्या पॉलिशने उमटलेल्या गोल वळ्या घालवाव्यात.

गाडी शेडमध्ये उभी राहणार असेल तर पत्रा उघडाच ठेवून अधूनमधून पॉलिश करणे मला अधिक पसंत आहे. मात्र ती कास-महाबळेश्वरच्या पावसात न्यायची असेल तर लॅकर मारावाच. त्यापूर्वी पत्रा थिनरने पुसावा आणि नंतर त्याला उघडा हात लावू नये, कारण बोटाचा ठसा लॅकरखाली तसाच राहतो.