वार खाली असताना सिझर: भुलेआधीची तयारी

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘प्लासेंटा प्रीव्हिया’, म्हणजे वार (प्लासेंटा) गर्भाशयाच्या तोंडाशी खाली आहे, असं आलं असेल आणि आधी एक सिझर झालेलं असेल, तर भूलतज्ज्ञाची भेट लवकर ठरवा. ऑपरेशनच्या आदल्या रात्री नव्हे, 32 व्या आठवड्याच्या आसपास. पेशंट आणि भूलतज्ज्ञ पहिल्यांदा टेबलावरच भेटतात, हे या आजारात तरी मला अजिबात पटत नाही.

रिपोर्टमध्ये वार जुन्या व्रणावर आहे का आणि रुतल्याची शंका आहे का, हे स्पष्ट लिहून घ्या. वार खाली आणि आधी एक सिझर, अशा शंभरातल्या साधारण 11 जणींमध्ये ती गर्भाशयाच्या भिंतीत रुतलेली निघते. आधी दोन सिझर असतील तर 40 जणींमध्ये. रुतलेली वार सहज सुटत नाही, आणि दिवस भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला 600-700 मिलिलिटर रक्त जात असतं, म्हणून ती सोडवताना खूप रक्त जाऊ शकतं. शंका पक्की असेल तर सिझर बहुधा 34 ते 36 आठवड्यांत करतात, म्हणजे तयारीला वाटतात तेवढे दिवस नसतात.

त्या दिवसांत पहिलं काम रक्ताचं. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर गोळ्यांवर अवलंबून न राहता लोहाच्या सलाईनबद्दल विचारा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर रक्तपेढीला आधीच कळवायला हवं. क्रॉसमॅच केलेल्या (तुमच्या रक्ताशी जुळवून पाहिलेल्या) रक्ताच्या पिशव्या, प्लाझ्मा आणि प्लेटलेट किती वेळात हाताशी येतील, हा प्रश्न थेट विचारा. रक्तपेढी गावाच्या दुसऱ्या टोकाला असेल आणि वार रुतलेली असेल, तर मोठ्या रुग्णालयात जाणंच शहाणपणाचं. तिथे अतिदक्षता विभाग, नवजात बाळांचा कक्ष आणि रात्रीही येणारे सर्जन आहेत ना, तेही बघा.

आता भूल. वार नुसती खाली असेल, रक्तस्राव नसेल आणि बीपी स्थिर असेल, तर मणक्यातली भूल बहुतेक वेळा चांगली: आई जागी राहते, बाळाचं रडणं ऐकते, श्वासनलिकेत नळी घालावी लागत नाही. गरोदरपणात घशाला सूज असते, त्यामुळे ती नळी घालणं अवघड जाऊ शकतं. पण मणक्यातल्या एका इंजेक्शनचा असर दीड-दोन तास टिकतो. वार रुतल्यामुळे गर्भाशय काढावं लागण्याची शक्यता असेल, तर सोबत एपिड्युरलची बारीक नळी (पाठीत ठेवलेली, जिच्यातून भुलेचं औषध पुन्हा देता येतं) ठेवतात, किंवा बाळ बाहेर आल्यावर पूर्ण भूल देतात. जोरात रक्त जात असेल, बीपी पडलं असेल किंवा रक्त गोठत नसेल, तर सुरुवातीपासून पूर्ण भूलच. म्हणून संमतिपत्रावर दोन्ही प्रकार समजून घेऊन सही करा. जागेपणी ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवतं. दुखलं तर मात्र लगेच सांगायचं. मणक्यातल्या इंजेक्शनने जन्मभराची कंबरदुखी लागते, ही भीती मनातून काढून टाका.

भेटीला जाताना जुनी फाईल आणि चालू औषधं न्या. रक्त पातळ करणारं इंजेक्शन चालू असेल तर शेवटचा डोस कधी घेतला ते लिहून ठेवा. नेहमीच्या प्रतिबंधक डोसनंतर मणक्यात सुई टोचायला किमान 12 तास जावे लागतात, मोठ्या डोसनंतर 24. डॉक्टर तोंड उघडायला, मान मागे करायला सांगतील. हलणारा दात असेल तर तोही सांगा. ऑपरेशनच्या दिवशी हलकं खाणं 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. हाताला दोन जाड सुया लागतील आणि मनगटातल्या धमनीत कदाचित तिसरी, बीपी क्षणाक्षणाला दिसावं म्हणून.

आणि तारखेआधीच घरी रक्त दिसलं, अगदी न दुखता आणि थोडंसंच, तरी थांबायचं नाही. काही खाऊ नका, डाव्या कुशीवर झोपा, 108 ला फोन करा, फाईल सोबत घ्या. पोचल्यावर ‘वार खाली आहे, आतून तपासू नका’ हे पहिलं वाक्य सांगा. रक्त वाटेतच थांबलं, तरी परत फिरू नका.