डेव्हलपर ॲपच्या सेटिंग्ज आणि परमिशन्स बदलताय? या चुका टाळा (मी बहुतेक सगळ्या करून बसलोय)

पहिल्या रविवारी वाटलं नेटचा प्रॉब्लेम असेल. आमच्या मंडळाच्या वर्गणीसाठी मी एक छोटंसं वेब ॲप करून दिलं होतं, कार्यकर्त्याने मोबाईलवर नाव आणि रक्कम टाकली की मंडळाच्या गूगल शीटमध्ये एक ओळ पडते आणि पावतीची पीडीएफ ड्राइव्हवर जाते, एवढंच. रविवारी संध्याकाळी साडेसातला, म्हणजे लोकं घरी सापडतात आणि वर्गणीला खरा जोर असतो नेमकं तेव्हा, खजिनदार काकांचा फोन. "अरे पावत्या निघेनात, पोरं लोकांच्या दारात उभी आहेत." मी मंडळाच्या अकाउंटने परत लॉगिन करून दिलं, चालू झालं. पुढच्या रविवारी तेच, त्याच वेळेला. काकांनी सरळ कागदी पावतीपुस्तक बाहेर काढलं आणि मला म्हणाले, "तू चहा घे."

लॉग उघडला तर एकच एरर, इनव्हॅलिड ग्रँट, टोकन (लॉगिन केल्यावर ॲपला मिळणारा डिजिटल पास) एक्स्पायर झालंय नाहीतर रद्द झालंय. कोडमध्ये मी दोन रात्री घातल्या, आणि चूक कोडमध्ये नव्हतीच. गूगल क्लाउडमध्ये ॲप रजिस्टर करताना 'एक्स्टर्नल' निवडलं की ते सुरुवातीला 'टेस्टिंग' मोडमध्ये असतं, आणि टेस्टिंगमध्ये दिलेलं रिफ्रेश टोकन (थोडा वेळ टिकणारं ॲक्सेस टोकन परत लॉगिन न करता नवीन मिळवून देणारं) ७ दिवसांनी मरतं. मी सेटअप केला होता रविवारी संध्याकाळी, म्हणून ते दर रविवारी संध्याकाळी मरत होतं, इतकं साधं. नुसतं नाव, ईमेल, प्रोफाइल एवढंच मागणाऱ्या ॲपला हा ७ दिवसांचा नियम लागू नाही, त्यामुळे 'लॉगिन तर नीट चालतंय की' असं वाटत राहतं आणि शीट-ड्राइव्हची परमिशन जोडली की हे भूत उभं राहतं.

उपाय म्हणजे ऑडियन्स नावाच्या पानावर जाऊन ॲप 'इन प्रॉडक्शन' करायचं. पण इथे मी दुसरी चूक केली. बटण दाबलं, स्टेटस बदललेलं दिसलं, खूश होऊन झोपलो, आणि पुढच्या रविवारी परत फोन! कारण सर्व्हरवर पडलेलं टोकन टेस्टिंगच्या काळातलंच होतं. बटण दाबून झाल्यावर परत एकदा लॉगिन करून नवीन टोकन घ्यायचं असतं, ते मी केलंच नव्हतं.

या सगळ्या प्रकारात जी गोष्ट डोक्यात बसायला मला तीन रविवार लागले ती हीच, की सेटिंगच्या पानावर तुम्ही काहीही बदला, आधी दिलेलं टोकन बदलत नाही. एसटीचा पास काढलाय असं समजा. नंतर ऑफिसात जाऊन अर्जावर पुढच्या गावाचं नाव लिहून आलात तरी खिशातल्या पासवर जुनंच गाव छापलेलं असणार आणि कंडक्टर अर्ज बघत नाही, पास बघतो.

एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, बॉट बनवणारे इथेच हमखास अडकतात. ॲप बनवलं तेव्हा परमिशन फक्त 'रीड' होती, मग पोस्ट टाकायला गेल्यावर ४०३ ('परवानगी नाही'चा एरर) आला, मग सेटिंगमध्ये जाऊन 'रीड अँड राइट' केलं, सेव्ह केलं, तरी ४०३ येतोच आहे. मग लोकं लायब्ररी बदलतात, व्हर्जन बदलतात, सगळं अनइन्स्टॉल करून परत टाकतात. अरे, 'कीज अँड टोकन्स'च्या पानावर जा आणि ॲक्सेस टोकनच्या खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. ते टोकन कुठल्या परमिशनने बनलंय ते तिथे छापलेलं असतं. 'रीड ओन्ली' दिसलं तर टोकन आणि त्याचं सीक्रेट (सोबतचा गुप्त कोड) रीजनरेट करायचं, म्हणजे नव्याने बनवायचं, नवीन जोडी कोडमध्ये टाकायची, संपलं.

गिटहबचं, म्हणजे कोड ठेवायच्या साइटचं, थोडं वेगळं आहे. तिथे 'गिटहब ॲप' प्रकारात तुम्ही नवीन परमिशन वाढवली तर ज्यांनी ज्यांनी ॲप इन्स्टॉल केलंय त्यांना ती मंजूर करावी लागते, आणि ते मंजूर करत नाहीत तोपर्यंत त्यांच्याकडे तुमचं ॲप जुन्याच परमिशनवर चालतं. तुमच्या स्वतःच्या अकाउंटवर चाललं म्हणून क्लायंटकडे चालेलच असं नाही, त्याला फोन करून 'जरा मेल बघा, ॲक्सेप्ट करा' असं सांगावं लागतं.

परत गूगलकडे येऊ, कारण मराठी डेव्हलपर मंडळी, निदान माझ्या ओळखीतली, जास्त तिथेच डोकं फोडताना दिसतात.

परमिशन चालत नाहीये असं वाटलं की अंदाज मारत बसू नका, टोकनलाच विचारा. गूगलचा टोकनइन्फो नावाचा एंडपॉइंट (कोडमधून विचारणा करायचा वेब पत्ता) आहे, त्याला ॲक्सेस टोकन दिलं की ते कुठल्या स्कोपसाठी (म्हणजे कुठल्या परमिशनसाठी) आहे आणि अजून किती सेकंद जिवंत आहे ते सांगतो. तिथे स्कोप दिसत नसेल तर लॉगिन परत करा. स्कोप दिसतोय आणि तरी ४०३ येतोय तर एरर पूर्ण वाचा, बऱ्याचदा त्यात लिहिलेलं असतं की या प्रोजेक्टमध्ये (गूगल क्लाउडमधल्या ॲपच्या खात्यात) शीट्सचा एपीआय, म्हणजे कोडमधून शीट वापरायची सोय, चालूच केलेला नाही. स्कोप मागणं वेगळं आणि एपीआय एनेबल करणं वेगळं, दोन्ही लागतं. आणि 'डेटा ॲक्सेस'च्या पानावर स्कोप जोडला म्हणजे ॲप तो आपोआप मागेल असंही नाही हां, लॉगिनच्या लिंकमध्ये कोडमधून तो मागावाच लागतो, हे पान म्हणजे नुसतं जाहीर करणं.

अजून एक गंमत. परमिशनच्या स्क्रीनवर आता वेगवेगळ्या परमिशनपुढे चेकबॉक्स येतात, आणि युजर एखाद्यावर टिक न करताच 'कंटिन्यू' दाबू शकतो. आमच्या काकांनी तेच केलं, ड्राइव्हवर टिक नाही, कारण "सगळं कशाला द्यायचं त्यांना". म्हणणं चूक नाही त्यांचं! पण लॉगिन यशस्वी झालं म्हणजे सगळं मिळालं असं माझं ॲप धरून चाललं होतं. परत आलेल्या उत्तरात खरंच कुठले स्कोप मिळालेत ते तपासा आणि कमी असेल तर युजरला नीट मराठीत सांगा, नाहीतर पावतीच्या वेळेला कळतं.

स्कोप मागताना हावरटपणा नको. मी आधी पूर्ण ड्राइव्हचा स्कोप मागितला होता, सवयीने, कुठल्यातरी उदाहरणातून उचलून. तो गूगलच्या यादीत 'रिस्ट्रिक्टेड' आहे, म्हणजे सगळ्यात कडक. शीट्सचा स्कोप 'सेन्सिटिव्ह'. अशा स्कोपचं व्हेरिफिकेशन न करता ॲप प्रॉडक्शनला टाकलं तर युजरला 'गूगलने हे ॲप तपासलेलं नाही' अशी भीतीदायक स्क्रीन येते आणि प्रोजेक्टच्या सगळ्या आयुष्यात मिळून १०० च युजर घेता येतात. आमच्या कामाला 'ड्राइव्ह फाइल' हा छोटा स्कोप पुरला असता. त्यात ॲपने स्वतः बनवलेल्या किंवा युजरने पिकरमधून (गूगलची फाइल निवडायची खिडकी) निवडून दिलेल्या फाइल्सच दिसतात, शीट ॲपनेच बनवली की त्यात ओळीही टाकता येतात, आणि तो सेन्सिटिव्हमध्ये येत नाही. शेवटी तोच ठेवला.

कोणीतरी म्हणेल एवढ्या उचापती कशाला, सर्व्हिस अकाउंट (माणसाचं नाही, ॲपचं स्वतःचं गूगल खातं) वापर, शीट त्याच्या ईमेलला शेअर कर, परमिशनच्या स्क्रीनची भानगडच नाही. बरोबर आहे, फक्त शीटमध्ये लिहायचं असेल तर मीही तेच सांगेन. पण पीडीएफ अपलोड केली की त्या फाइलची मालकी सर्व्हिस अकाउंटकडे जाते आणि त्याला स्टोरेज कोटाच नाही, त्यामुळे साध्या जीमेलच्या ड्राइव्हवर ते एररच देतं.

आता रिडायरेक्टचं, म्हणजे लॉगिन झाल्यावर गूगल युजरला ज्या पत्त्यावर परत पाठवतं त्याचं. यूआरआय मिसमॅचचा एरर ४०० ज्याने बघितला नाही तो डेव्हलपर नाही. पत्ता अक्षर न अक्षर जुळावा लागतो, शेवटची तिरकी रेघ असली-नसली, एचटीटीपी की एचटीटीपीएस, कॅपिटल की स्मॉल, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आहे की नाही, सगळं. लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ (दोन्ही म्हणजे आपलाच कॉम्प्युटर) आपल्याला एकच वाटतात, गूगलला नाही. आणि तिथेच वर 'जावास्क्रिप्ट ओरिजिन' नावाचा रकाना असतो, त्यात एचटीटीपीएससकट फक्त डोमेन टाकायचं, पुढचा पाथ नाही, लोकं घाईत दोन्ही रकाने उलटसुलट भरतात. पण खरी चूक याच्या पुढची आहे. पत्ता दुरुस्त केला, सेव्ह केला, लगेच ट्राय केलं, एरर आला, म्हणून परत बदलला, परत ट्राय, परत बदल. बदल लागू व्हायला ५ मिनिटांपासून काही तास लागू शकतात असं तिथे लिहिलेलं असतं, त्यामुळे तुम्ही चौथ्यांदा बदलत असता तेव्हा दुसऱ्यांदा केलेला बरोबर बदल कदाचित आत्ता लागू होत असतो. एकदा बदला, कागदावर वेळ लिहा, जेवून या.

आणि बदल योग्य प्रोजेक्टमध्ये करताय ना? हसू नका. माझ्याकडे एकाच नावाचे दोन प्रोजेक्ट होते, एक ट्रायलचा, एक खरा. क्लायंट आयडीत (गूगलने ॲपला दिलेली ओळख) पहिल्या आडव्या रेघेच्या आधी जो आकडा असतो तो प्रोजेक्टचा नंबर असतो, डॅशबोर्डवरच्या नंबरशी ताडून बघा, दहा सेकंदांचं काम आहे.

क्लायंट सीक्रेट, म्हणजे ॲपचा पासवर्ड, त्याबद्दल थोडक्यात. चुकून गिटवर (कोडचे सगळे बदल जपून ठेवणारं साधन) गेलं असेल तर पुढच्या कमिटमध्ये फाइल उडवून उपयोग नाही, हिस्ट्रीत ते राहतंच, सीक्रेटच बदलायचं. गूगल एका ऑथ क्लायंटला (म्हणजे ॲपच्या लॉगिनच्या नोंदणीला) दोन सीक्रेट ठेवू देतं, म्हणून आधी नवीन बनवा, कोडमध्ये टाका, चालतंय बघा, मग जुनं डिसेबल करा, आणि सगळ्यात शेवटी डिलीट. नवीन सीक्रेट बनवतानाच एकदा दिसतं, तेव्हाच नीट सेव्ह करा, स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर नका टाकू प्लीज.

लोगोचा किस्सा राहिलाच. अध्यक्षांना लॉगिनच्या स्क्रीनवर मंडळाचा लोगो हवा होता. दिसायला बारीक बदल, पण लोगो टाकला की ब्रँडचं व्हेरिफिकेशन लागतं, त्याला स्वतःच्या मालकीचं डोमेन, प्रायव्हसी पॉलिसीचं पान वगैरे सगळं आलं. गणपतीला पंधरा दिवस उरलेले असताना मी म्हणलं भाऊ, लोगो पावतीवर टाकू, मोठा टाकू, हे राहू द्या.

आणि मंडळांच्या ॲपचा खास रोग म्हणजे वर्षातून दोनच महिने वापर. गूगलचं रिफ्रेश टोकन ६ महिने वापरलं नाही तर बाद होतं, आणि ६ महिने काहीच हालचाल नसलेला ऑथ क्लायंट डिलीट होतो, तो ३० दिवसांच्या आत परत आणता येतो, नंतर नाही. म्हणून सर्व्हरवर आता महिन्यातून एकदा चालणारी स्क्रिप्ट लावलीये, शीटच्या एका कोपऱ्यात तारीख टाकते, बास. प्रोजेक्टला माझ्याशिवाय दुसरा ओनरही जोडलाय, कारण उद्या माझं अकाउंट लॉक झालं तर कोणालाच ही सेटिंग्ज बदलता येणार नाहीत. दुसरा ओनर म्हणजे काकांचा मुलगा. काका स्वतः मात्र अजूनही पावतीपुस्तक शर्टाच्या खिशात घेऊनच फिरतात.