मृगाआधी बेशरम मुळासकट काढा

भंडारा-गोंदियातले बहुतेक मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) मे महिन्यात मधल्या खळग्यापुरते उरतात. तलावात पुन्हा पाणवनस्पती रुजवायच्या तर आधी काठावर माजणारं बेशरमाचं झुडूप काढावं लागतं, आणि त्याची वर्षातली संधी तेवढीच. मृगाचा पाऊस पडून काठ ओला झाला की ओल्या मातीत राहिलेला कांडीचा तुकडाही मूळ धरतो.

विळ्याने वरवर छाटू नका; छाटलेली बेशरम दुप्पट फुटते. बुंध्याभोवती खणून मुळासकट ओढा, पाळीपलीकडे, म्हणजे तलावाच्या बांधापलीकडे, कोरड्या जागी कडकडीत वाळवा, मग जाळा. चीक अंगावर येऊ देऊ नका. शेळ्यांनाही लांब ठेवा, ही पानं विषारी आहेत. पुढची दोन-तीन वर्षं नवे कोंब उपटत राहावं लागेल, हे आधीच धरून चला.

गाळ शेताला हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण जेसीबीवाल्याला सगळा तलाव हंड्यासारखा खोल करू देऊ नका. काठाची उथळ उतरण मोडली की देवधानाला, म्हणजे पाण्यात उगवणाऱ्या रानटी भाताला, उभं राहायला जागाच उरत नाही. शिवाय पाणवनस्पतींच्या बिया आणि कंद गाळाच्या वरच्याच थरात असतात. म्हणून मधले काही पट्टे न खणता सोडा.

लागवड जुलै-ऑगस्टमध्ये, पाणी जरा निवळल्यावर. हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती जवळच्या चांगल्या तलावातून थोडी थोडी आणा, तिथला तलाव उघडा पाडू नका. जलपर्णीचं एकही रोप सोबत येता कामा नये. धुऊन, निवडून घ्या. मुळं चिखलाच्या गोळ्यात दाबून गोळा पाण्यात सोडला की रोप तळाशी बसतं. कुठल्या तलावात कोणतं गवत होतं, हे धिवर (मासेमार) वस्तीतल्या बायकांना विचारा. रोज पाण्यात उतरणाऱ्यांइतकं ते कागदावर कुणाकडे नसतं.

मच्छीमार संस्थेशी मात्र लागवडीआधीच बोला. ग्रास कार्प हा गवत खाणारा मासा सोडला तर तुमची लागवड त्याचा चारा होईल. सायप्रिनस (कॉमन कार्प) हा मासा तळ उकरून पाणी गढूळ ठेवतो. रोहू-कटला साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यामुळे त्यांचं मत्स्यबीज दरवर्षी विकत घ्यावं लागतं. मरळ, शिंगी, मागूर हे मासे गवताच्या आडोशाला तलावातच वाढतात, त्यांचं बीज फुकट. संस्थेच्या सभेत हा हिशेब आधी मांडा, पाणपक्ष्यांना होणारा फायदा नंतर.

तलाव जिल्हा परिषदेकडे आहे की पाटबंधारे विभागाकडे, ते पाहून परवानगी घ्या आणि ग्रामसभेचा ठराव सोबत जोडा.